यात्रेला नेता, तसे परतही आणा : यात्रा नियोजनाच्या बैठकीस बसणाऱ्या सर्वांना खुले पत्र

प्रति,
यात्रा नियोजनाच्या बैठकीस बसणारे एसटीचे, महसूल खात्याचे व पोलीस दलाचे अधिकारी, देवस्थानांचे विश्वस्त आणि यात्रा भरणाऱ्या गावांचे सरपंच,
सातारा जिल्हा.

विषय : यात्राकाळातील रात्रीचा परतीचा एसटी प्रवास आणि त्याच काळात बंद पडणाऱ्या गावफेऱ्या.

महोदय / महोदया,

चैत्र तोंडावर आला की शिखर शिंगणापूरच्या यात्रेसाठी नियोजनाची बैठक होते. पाणी, वीज, आरोग्य पथक, बंदोबस्त असे विषय होत होत एसटीची पाळी येते, आणि यात्रेसाठी अमुक इतक्या जादा गाड्या सोडण्यात येतील, असा आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून छापून येतो. मार्गशीर्षात म्हसवडचा श्री सिद्धनाथाचा आणि पुसेगावचा श्री सेवागिरी महाराजांचा रथ, पौषात पालच्या खंडोबाचे लग्न, शाकंभरी पौर्णिमेला मांढरदेवची काळूबाई, या प्रत्येक वेळी बातमीचा साचा तोच असतो. त्या बातमीत गाड्या किती हे असते. त्या गाड्या यात्रेहून परत कधी निघणार, शेवटची गाडी किती वाजता आणि कोणत्या गावापर्यंत जाणार, आणि त्या आणण्यासाठी कोणत्या गावांच्या फेऱ्या बंद ठेवल्या जाणार, यांपैकी एकही गोष्ट मला त्यात आजवर आढळलेली नाही. हे पत्र या तीन गोष्टींपुरतेच आहे.

मी माण तालुक्यात राहतो आणि घरात दुचाकीपलीकडे वाहन नसल्यामुळे कुटुंबासह कोठेही जायचे तर एसटीनेच जातो. पुढे जे प्रत्यक्ष पाहिलेले लिहिले आहे, त्यातील यात्रेचे आणि आगाराचे नाव मी जाणूनबुजून दिलेले नाही. नाव दिले की चौकशी लागते, आणि चौकशीत सापडतो तो पहाटेपासून उभा असलेला वाहतूक नियंत्रक किंवा सलग दुसरी ड्यूटी करणारा वाहक. दोष त्यांचा नाही. तो ज्या पद्धतीने नियोजन होते त्या पद्धतीचा आहे.

यात्रेची गर्दी येताना आणि जाताना सारखी वागत नाही, हे यात्रेच्या गावातील प्रत्येक दुकानदाराला ठाऊक असते. माणसे येतात ती चार दिवसांत विभागून, सकाळ-दुपार-संध्याकाळ जशी सवड मिळेल तशी. काही पायी, काही कावडीबरोबर, काही मुंबई-पुण्याहून थेट. परत मात्र सगळ्यांना एकाच वेळी निघायचे असते, कारण ज्या सोहळ्यासाठी सगळे थांबलेले असतात तो संपण्याची वेळ एकच असते. शिंगणापूरला चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचे लग्न लागते आणि द्वादशीला सासवडकडून आलेली तेल्या भुतोजीची मानाची कावड मुंगी घाटातून माणसांची साखळी करून वर चढवली जाते. ती वर येईपर्यंत दिवस मावळलेला असतो, त्यानंतर देवाला जलाभिषेक होतो, आणि तो पाहिल्याशिवाय माघारी फिरायला कोणी तयार नसते. पालला खंडोबा-म्हाळसेचे लग्न गोरज मुहूर्तावर लागते. पुसेगाव आणि म्हसवडला रथाची मिरवणूक पुढे सरकेल तशी गर्दी पांगते. थोडक्यात, परतीच्या गर्दीचा दिवस पंचांगात छापलेला असतो आणि तिचा तास गावातले शाळकरी पोरसुद्धा सांगू शकते. इतकी आधी माहीत असलेली गर्दी सार्वजनिक वाहतुकीच्या वाट्याला क्वचितच येते, आणि तरीही नेमक्या त्याच तासाला गाडी नसते, याचे आश्चर्य वाटते.

त्या तासाला काय घडते, ते एका यात्रेत जवळून पाहिले आहे. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात तात्पुरते बसस्थानक केले होते. एका खांबाला हॅलोजनचा दिवा, त्याखाली प्लास्टिकचे टेबल आणि त्यावर नियंत्रकाची वही. पलीकडच्या पाळण्याच्या कर्ण्याचा आवाज इतका की नियंत्रक तोंडाने जे ओरडत होता ते चार हातांवरही ऐकू येत नव्हते, आणि ध्वनिक्षेपक त्याला कोणी दिलेला नव्हता. गाडी रानात वळताना तिच्यामागे पळणाऱ्यांनी खिडक्यांतून टॉवेल, पिशव्या, चपला आणि एका ठिकाणी तर पाच-सहा वर्षांचे मूलही आत टाकून जागा धरली. गाडीच्या कपाळावर पाटी होती ती नुसती ‘यात्रा स्पेशल’ अशी. ती कोणत्या गावाला जाणार हे पायरीवर लटकलेल्या वाहकाने सांगितले तेव्हा आत चढलेल्यांपैकी निम्मे लोक पुन्हा खाली उतरण्याची धडपड करू लागले, आणि जे चढण्यासाठी दाराशी रेटत होते त्यांच्याशी त्यांची झोंबाझोंबी झाली. त्या रेटारेटीतून एक म्हातारी बाजूला होऊन बांधावर जाऊन बसली. तिच्या हातात प्रसादाची पिशवी आणि यात्रेत घेतलेले नवे सूप होते, आणि ते सूप चेपू नये म्हणून ती ते छातीशी धरून होती. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. तिच्याकडे बहुधा ती सवलतही असेल. गाडीत पाय ठेवायला मिळत नसेल तर त्या सवलतीचा तिला उपयोग काय?

गाडी गेल्यावर रानाच्या तोंडाशी पिकअप आणि वडापच्या, म्हणजे माणशी भाडे घेऊन भरणाऱ्या खासगी, जीपगाड्या येऊन लागल्या. माणशी भाडे दिवसाच्या दुप्पट-तिप्पट होते आणि त्यावर घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत कोणीही नव्हते. ज्या हौद्यातून एरवी कांद्याच्या पिशव्या जातात, त्यात बायका-मुले उभी राहिली, मागची फळी साखळीने अडकवली गेली आणि गाडी अंधारात घाटाकडे वळली. मालवाहू वाहनातून अशी प्रवासी वाहतूक बेकायदा आहे, हे कोपऱ्यावर उभ्या असलेल्या पोलिसालाही माहीत होते. परंतु त्याने ती गाडी अडवली असती तर उतरलेल्या पंचवीस-तीस माणसांचे रात्रभर काय करायचे, याचे उत्तर त्याच्याकडेही नव्हते. कायदा मोडला जाऊ नये अशी अपेक्षा असेल तर तो पाळता येईल अशी सोय आधी करावी लागते.

कायद्याचा विषय निघालाच आहे, म्हणून आणखी एक. ज्या १९५० च्या रस्ते परिवहन महामंडळ अधिनियमाखाली एसटी चालते, त्याच्या कलम १८ मध्ये कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि नीट सुसूत्रित अशी प्रवासी सेवा देणे हे महामंडळाचे सर्वसाधारण कर्तव्य सांगितले आहे. त्यातला ‘पुरेशी’ हा निकष यात्रेच्या रात्री जाहीर केलेल्या गाड्यांच्या आकड्यावरून ठरू नये. रानात शेवटी किती माणसे उरली यावरून तो ठरावा.

मांढरदेवची आठवण काढल्याशिवाय या जिल्ह्यात यात्रेच्या नियोजनाविषयी लिहिता येत नाही. २५ जानेवारी २००५ रोजी तेथे झालेल्या चेंगराचेंगरीत आणि आगीत तीनशेच्या आसपास माणसे गेली. त्या दुर्घटनेचा एसटीशी काही संबंध नव्हता, आणि तो ओढूनताणून जोडण्याचा माझा हेतूही नाही. तथापि त्यानंतर न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला गेला आणि यात्रेच्या ठिकाणी माणूस आत कसा जातो याइतकाच तो बाहेर कसा पडतो याचा विचार करणे प्रशासनाला भाग पडले. माझे म्हणणे इतकेच की तो विचार मंदिराच्या पायऱ्यांपाशी आणि वाहनतळापाशी येऊन थांबला आहे. स्वतःचे वाहन नसलेल्या माणसासाठी बाहेर पडण्याचा मार्ग वाहनतळावर संपत नाही. तो त्याच्या गावच्या फाट्यावर संपतो.

आता दुसरी बाजू, जिच्याविषयी यात्रेच्या बैठकीत बोलणारे कोणी नसते, कारण त्या बैठकीला ज्या गावात यात्रा नाही त्या गावाचा सरपंच बोलावलेला नसतो. सातारा विभागात अकरा आगारे आहेत. यात्रेसाठी ज्या गाड्या लागतात त्या वेगळ्या कोठे ठेवलेल्या नसतात; त्या याच आगारांच्या रोजच्या फेऱ्यांमधून काढून द्याव्या लागतात, आणि काढताना हात प्रथम जातो तो कमी भारमानाच्या, म्हणजे कमी प्रवासी मिळणाऱ्या, गावफेऱ्यांवर. लांब पल्ल्याच्या गाडीला आरक्षण असते, तिचे उत्पन्न दिसते, ती रद्द झाली तर तक्रार होते. सकाळी सातला वाडी-वस्तीवरून निघून तालुक्याला जाणारी गाडी रद्द झाली तर काहीच होत नाही. फाट्यावर दप्तरे घेऊन उभी असलेली पोरे तासभर वाट पाहतात आणि घरी जातात.

चैत्रातली यात्रा म्हणजे शाळांच्या वार्षिक परीक्षांचे दिवस. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि या पासामुळे माण-खटावसारख्या भागात कितीतरी मुलींचे शिक्षण दहावीच्या पुढे सरकले आहे, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु हा पास वडापमध्ये चालत नाही. गाडी रद्द झाल्याचे ज्या मुलीला फाट्यावर उभे राहिल्यावर कळते, तिच्या हातात त्या क्षणी रोख पैसे असतीलच असे नाही, आणि असले तरी अनोळखी जीपमध्ये एकटीने बसायला घरचे सांगतील असेही नाही. हीच गत तालुक्याच्या दवाखान्यात ठरलेल्या वारी जाणाऱ्या रुग्णाची आणि आठवड्याच्या बाजाराला शेळी किंवा अंडी घेऊन निघालेल्या बाईची. यात्रेला माझा विरोध असण्याचे कारणच नाही. मी स्वतः यात्रेला जाणारा माणूस आहे. पण एका गावच्या देवाचा उत्सव दहा गावांच्या मुलांच्या परीक्षेतून का वसूल व्हावा?

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे समजू नये. गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्या मोडीत निघाल्या त्या वेगाने नव्या आल्या नाहीत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास सुरू झाल्यावर प्रवासी वाढले, आणि यात्रेला जाणाऱ्यांत बायकांचे प्रमाण मुळातच मोठे असते. गणपतीत मुंबईहून कोकणात जाणाऱ्यांसाठी राज्यभरातून गाड्या ओढल्या जातात, तेव्हाही आमच्याकडचे फलाट ओस पडतात. यात्रेच्या वाहतुकीत सकाळी गाडी भरून वर जाते आणि रिकामी खाली येते, रात्री रिकामी वर जाते आणि भरून खाली येते; म्हणजे निम्मे किलोमीटर तोट्याचे. हा हिशेब खरा आहे. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे परतीची सेवा कोलमडण्याचे मूळही याच हिशेबात आहे. दिवसभर भरून नेण्याचे उत्पन्न आगाराच्या पदरात पडलेले असते, चालकाचे कामाचे तास संपत आलेले असतात, आणि रात्री रिकामी गाडी वर पाठवण्याची घाई कोणालाच नसते. जाण्याचे तिकीट आणि परतीचे तिकीट हा एकच व्यवहार मानला, तर रात्री वर जाणारी रिकामी गाडी तोट्यात धरण्याचे कारण उरत नाही. ज्याला सकाळी नेले त्यालाच ती आणायला चाललेली असते.

चालक-वाहकांच्या सोयींचा मुद्दा तर बैठकीच्या इतिवृत्तात शेवटच्या ओळीतही येत नसावा, असे प्रत्यक्ष स्थितीवरून वाटते. रात्रीच्या फेऱ्यांसाठी दिवसा झोपलेला चालक हवा, आणि यात्रेच्या गावी त्याला झोपायला जागा म्हणजे गाडीच्या मधल्या वाटेवर टाकलेले वर्तमानपत्र. महिला वाहकांची अडचण याहून मोठी, कारण त्या रानात त्यांच्यासाठी साधे स्वच्छतागृहही नसते. देवस्थानांकडे भक्तनिवास आहेत, गावोगाव शाळा आहेत. यात्रेच्या चार दिवसांपुरत्या दोन खोल्या एसटीच्या कर्मचाऱ्यांसाठी मोकळ्या करून देणे ही विश्वस्तांना आणि ग्रामपंचायतीला परवडणार नाही अशी गोष्ट नाही. त्याच ओघात विश्वस्तांना आणखी एक विनंती : स्थानकासाठी दिलेल्या जागेच्या तोंडाशी दुकाने लागू देऊ नयेत. भाड्याची पावती फाडली जाते, खेळण्यांचा आणि भेळेचा गाडा रस्त्यावर येतो, आणि मग पन्नास प्रवाशांची गाडी अर्धा तास त्या गाड्यापाशी अडकून राहते. मान्यवरांच्या स्वागताचे फ्लेक्स गावाच्या वेशीपासून मंदिरापर्यंत लागतात. त्यांतल्या एका फ्लेक्सवर परतीच्या गाड्यांचे वेळापत्रक छापले असते तर ते यात्रेतले सर्वांत जास्त वाचले गेलेले फ्लेक्स ठरले असते.

हे अशक्य नाही, याचा पुरावा शेजारीच आहे. पंढरपूरच्या आषाढीला २०२५ मध्ये एसटीने पाच हजारांहून अधिक जादा गाड्या जाहीर केल्या. तेथे चंद्रभागा, भीमा, विठ्ठल, पांडुरंग अशी तात्पुरती स्थानके उभी करून कोणत्या जिल्ह्याची गाडी कोठून सुटणार हे आधी ठरवले जाते, आणि गावातून चाळीस किंवा अधिक प्रवाशांनी एकत्र मागणी केली तर थेट गावातून गाडी देण्याची सोय केली जाते. आमच्या यात्रा त्या मानाने लहान आहेत. शिंगणापूरसाठी दहिवडीकडच्या, फलटणकडच्या आणि नातेपुतेकडच्या गाड्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून सुटल्या आणि प्रत्येक कोपऱ्यावर गावांच्या नावांची पाटी असली, तरी वर लिहिलेली अर्धी झोंबाझोंबी टळेल. यात एक खास अडचण आहे ती हद्दीची. शिंगणापूर सातारा जिल्ह्यात असले तरी नातेपुते आणि अकलूज सोलापूर जिल्ह्यात येतात, आणि बारामती-सासवडकडचा भाविक पुणे जिल्ह्याचा. तीन विभागांनी आपापल्या गाड्यांची यादी स्वतंत्रपणे केली तर एका दिशेला गाड्या उभ्या राहतात आणि दुसरीकडे माणसे. द्वादशीच्या रात्रीपुरता तिन्ही विभागांच्या गाड्यांवर एकाच अधिकाऱ्याचा अधिकार असावा आणि तो अधिकारी तालुक्याच्या कार्यालयात न बसता डोंगरावर स्थानकात हजर असावा, अशी माझी सूचना आहे.

गावफेऱ्यांविषयीची मागणी याहून साधी आहे. यात्रेसाठी ज्या फेऱ्या रद्द करायच्या त्यांची यादी किमान चार दिवस आधी प्रत्येक बसस्थानकाच्या फलकावर लावावी आणि संबंधित ग्रामपंचायती व शाळांना कळवावी. रद्द करायच्याच तर दुपारच्या फेऱ्या कराव्यात, आणि सकाळी शाळेच्या वेळेची व संध्याकाळी घरी पोहोचवणारी अशा दोन फेऱ्या कोणत्याही कारणाने काढू नयेत. रात्री गावातच थांबून सकाळी निघणारी मुक्कामी गाडी यात्रेला पाठवली की दुसऱ्या दिवशीची पहिली फेरीही आपोआप जाते, हे आगारात बसून लक्षात येत नाही. त्यामुळे मुक्कामी गाड्यांना हात लावण्यापूर्वी त्या गावाला विचारावे.

यात्रा संपल्यावर किती उत्पन्न मिळाले याची बातमी एसटीकडून येते, ती यावी. तिच्याबरोबर शेवटची गाडी किती वाजता सुटली आणि किती गावफेऱ्या रद्द झाल्या हेही जाहीर व्हावे. पुढच्या यात्रेच्या बैठकीला किमान दोन प्रवासी प्रतिनिधी बोलवावेत. त्यांतला एक यात्रा नसलेल्या गावचा असावा आणि शक्यतो महिला असावी. परतीचे वेळापत्रक ठरल्यावर ते यात्रेच्या आठ दिवस आधी तालुक्याच्या बसस्थानकांवर आणि देवस्थानाच्या फलकावर लावावे. यांपैकी जे शक्य नसेल त्याचे कारण लेखी कळवले तरी चालेल. कारण कळले तर त्यावर बोलता येईल.

कळावे,

आपला,
माण तालुक्यातील एक एसटी प्रवासी